घोणसे घाटातली एका वाक्याची थाप

यशवंता,

तुझ्या पिंडाला कावळा पहिल्या हाकेला शिवला. भटजींनी ओला हात पंच्याला पुसला नव्हता, तोवर तो उंबरावरून उतरला, घास उचलला आणि गेलासुद्धा. नदीवर जमलेल्यांनी एकमेकांकडे पाहिलं. माणूस सरळ होता, मागं काही ठेवून गेला नाही, असं सगळे म्हणाले, आणि सगळ्यांत मोठ्यानं मी म्हणालो. माझा आवाज तुला माहीत आहे. मी म्हसळ्यात बोललो की दिघीच्या खाडीत मासे बुडी मारतात.

आता मी तो कावळा शोधतोय. भेटला तर विचारणार आहे, बाबा रे, एवढी थाप पोटात ठेवून गेलेल्या माणसाचा भात तुला पचला तरी कसा?

आपल्या गावात थापाड्या कोण, असं वाटसरूनं विचारलं तर गोठ्यातली म्हैससुद्धा माझ्या घराकडं मान वळवील. ते मी नाकारत नाही. माझ्या गळाला लागलेला रावस पहिल्या वर्षी हातभर होता, दुसऱ्या वर्षी त्यानं होडी ओढली, आणि हल्ली तो आगरदांड्याच्या फेरीबोटीच्या बरोबरीनं पोहतो आणि प्रवाशांना नावानं ओळखतो. पण माझी थाप ही उघड्या दाराची असते. ऐकणाऱ्यालाही ठाऊक, सांगणाऱ्यालाही ठाऊक. आजवर माझ्या थापेनं कुणाचं वाटाण्याएवढं नुकसान झालेलं नाही.

तू मात्र खरं बोलणारा. एका वाक्याच्या पुढं न जाणारा. लोक माझी गोष्ट ऐकून झाली की तुझ्याकडं बघायचे, आणि तू मान हलवलीस तर मानायचे. 'यशवंत म्हणाला' म्हटलं की भांडणं मिटायची. माझ्या चाळीस वाक्यांना जे जमलं नाही ते तुझ्या एका वाक्याला जमायचं. आणि त्याच एका वाक्यानं तू मला ड्रायव्हरच्या सीटवरून उठवलंस.

आपण दोघं साडू. दोन सख्ख्या बहिणी आपल्याला मिळाल्या, थोरली मला आणि धाकटी तुला, आणि सासऱ्यांनी लग्नातच सांगून टाकलं होतं की थोरल्या जावयाला तोंड दिलंय आणि धाकट्याला डोकं. आपण गाडी भागीत घेतली तेव्हा सगळा गाव हसला. साडूसाडूंची भागी म्हणजे एका ताटात दोन मांजरं. पण आपली चालली. माणगाव स्टेशनवरून माणसं उचलायची, घोणसे घाट चढून म्हसळ्याला उतरायचं, पुढं दिघीपर्यंत सोडायची. एक खेप तुझी, एक माझी. ज्याची खेप नसेल तो शेजारच्या सीटवर. भांडणाला विषय एकच असायचा, गाडी कुणाच्या हाताला जास्त ओळखते. तू म्हणायचास, गाडीला पाय कळतात. मी म्हणायचो, गाडीला आवाज कळतो. मी ओरडलो की ती चढण चढते, हे मी स्वतः बघितलेलं आहे.

ते गणपतीचे दिवस होते. मुंबईकर स्टेशनवर उतरले होते, आणि खेप माझी होती. गाडीत अकरा माणसं, त्यांच्या मांडीवर पोरं, पोरांच्या मांडीवर पिशव्या. टपावर मखराचं सामान, पंखा, गाद्या, असं काही रचलं होतं की समोरून येणाऱ्याला वाटावं कोकण रेल्वेच रूळ सोडून घाटानं निघाली. मी रंगात आलो होतो. रावसाची गोष्ट चालू होती. आणि मधल्या मोठ्या वळणाच्या चढावर गाडीनं एकदम मान टाकली.

इंजिन मात्र ओरडत होतं. मी ॲक्सिलरेटर दाबला की आवाज वर जायचा, नुसता आवाज. चाकांपर्यंत काही पोचतच नव्हतं. नळ फुल सोडावा आणि पाईप मधेच निसटलेला असावा, तसं. मागून एक म्हातारी म्हणाली, कुनीतरी करवंटी जाळतंय का रं? मग वास सगळ्यांनाच आला. जळक्या चपलेचा, जळक्या केसांचा, एकदम ओळखीचा आणि नको असलेला. आमच्या शेजारून एक बैलगाडी पुढं गेली, आणि त्यातल्या बैलानं वळून माझ्याकडं पाहिलं. हे मी वाढवून सांगत नाही. बैल होता.

तू माझ्याकडून सीट मागितलीस. सगळ्यांना उतरवलंस, चाकामागं दगड लावलेस. हँडब्रेक शेवटपर्यंत ओढलास, गाडी तिसऱ्या गियरमध्ये टाकलीस, थोडा ॲक्सिलरेटर दिलास आणि क्लचवरचा पाय हळूहळू उचललास. पाय पुरता सुटला तरी इंजिन आपलं गातच राहिलं. तू खिडकीतून डोकं बाहेर काढून सगळ्यांना समजावून सांगितलंस, आणि ते तुझ्या आयुष्यातलं सर्वांत लांब भाषण असेल: गाडी ब्रेकनं धरलेली आहे, गियर वरचा आहे, अशा वेळी क्लच सोडला की इंजिननं एक गचका खाऊन बंद पडलं पाहिजे. बंद पडलं तर क्लच धडधाकट. हे बंद पडत नाही, म्हणजे इंजिन फिरतंय आणि प्लेट त्याला धरत नाहीये, नुसती घसरतेय. क्लच स्लिप मारतोय.

मी म्हणालो की ही परीक्षा चौथ्या गियरमध्ये घ्यायची असते. तू म्हणालास तिसऱ्यात. यावर आपण शेवटपर्यंत भांडलो आणि तो निकाल आता कुणीच देणार नाही.

मुंबईकरांतल्या एका चष्मेवाल्यानं विचारलं, कशामुळे होतं असं? तू गाडीतून उतरलास. हात पुसलेस. माझ्याकडं न बघता म्हणालास,

"ड्रायवरचा डावा पाय क्लचवर ऱ्हातो, दुसरं काय न्हाय."

झालं. एवढंच.

यशवंता, मी थापांच्या धंद्यात मुरलेला माणूस आहे, मला कारागिरी कळते. आता मागं वळून बघतो तेव्हा त्या वाक्याला मी नमस्कार करतो. त्यात एक शब्द जास्त नाही. खरं तर ते वाक्य पुष्कळ ड्रायव्हरांच्या बाबतीत खरंच असतं. पाय विसाव्याला पेडलवर ठेवायचा, क्लच अर्धामुर्धा दाबलेला राहायचा, प्लेट घासून घासून संपायची. म्हणून तर कुणाला शंका आली नाही. मलाही नाही. मी माझ्या डाव्या पायाकडं पाहिलं, आणि तो मला परक्याचा वाटला. मी मुंबईकरांना दुसऱ्याच्या जीपनं म्हसळ्याला घेऊन गेलो. तू मागून गाडी रखडत रखडत घाट चढवलीस, पुढं उतारानं सोडत आणलीस आणि उस्मानभाईच्या गॅरेजात लावलीस. क्लच उघडला तेव्हा मी तिथं नव्हतो. मी कुणाच्या तरी घरी मखर बांधत होतो.

गणपती विसर्जनाला गेले तोवर मला नाव पडलं होतं. हाफक्लच. टपरीवर हाफक्लच, देवळात हाफक्लच, ग्रामपंचायतीच्या नळावर बायकासुद्धा पदराआड हाफक्लच. मुलीच्या लग्नात व्याह्यांनी विचारलं, तुमचं मधलं नाव काय हो? मी ही सगळी थट्टा पचवली, कारण थट्टा करणाऱ्यानं थट्टा पचवायची असते. पण घाटाचं स्टिअरिंग तुझ्याकडं गेलं ते कायमचं. कुणी ठरवलं नाही. मीच एकदा म्हणालो, घाटात तू घे, आणि तू एवढ्या पटकन हो म्हणालास की मला तेव्हाच कळायला हवं होतं. पुढं पुढं सपाटीलाही तूच. मी शेजारच्या सीटवर बसून माणसं भरायचो, भाडं गोळा करायचो आणि गोष्टी सांगायचो.

आणि आमचा महेश. पोरगं अठरा वर्षांचं झालं, लायसन काढायचं म्हणालं. मी म्हटलं, माझ्याकडून नको शिकू बाबा, आपल्या घराण्याचा डावा पाय जड आहे, मावसाकडून शिक. घराण्याचा! माझ्या बापानं बैलगाडीपलीकडं काही हाकलं नव्हतं, तरी मी त्याच्याही पायाला दोष देऊन मोकळा झालो. पोराला पहिल्यांदा स्टिअरिंगला बसवलंस तेव्हा मी अंगणाच्या दगडी गडग्यावर बसून बघत होतो. तू त्याला सांगत होतास, पाय हलका, महेश, पाय हलका. आज तो नवी मुंबईत कंपनीची बस चालवतो, आणि कुणी कौतुक केलं की म्हणतो, माझ्या मावसानं शिकवलंय. ते ऐकताना मला अभिमान वाटायचा, यशवंता. तुझा अभिमान.

सगळंच वाईट होतं असं मी म्हणणार नाही. तू चालवायला लागल्यापासून घाटात सासूबाईंना कधी उलटी झाली नाही, आणि त्यांना तर पाळण्यातसुद्धा गाडी लागायची. वळण कधी आलं, कधी गेलं, पोटातलं पाणी हलायचं नाही. आणि तो हॉर्न. माझी गोष्ट जिथं फार ताणली जायची तिथं तू बोलायचा नाहीस, फक्त एकदा हळूच हॉर्न द्यायचास. रस्त्यावर कुत्रं नाही, माणूस नाही, आणि पीं! मागची सगळी सीट हसून आडवी. मी म्हणायचो, बरं, फेरीबोटीएवढा नसेल, होडीएवढा तरी होता. मग तू हॉर्न द्यायचा नाहीस. तुझ्या हॉर्नमुळं माझ्या गोष्टींना आकार आला हे मी जिवंतपणी तुला सांगितलं नाही. सांगायला हवं होतं. पण मग तुलाही काही सांगायला हवं होतं.

तू गेलास, आणि गाडी अंगणात उभी राहिली. तिच्या बोनेटवर कोंबड्या बसायला लागल्या. तेरावं झाल्यावर तुझ्या सुमनला चार दिवस माहेरी न्यायचं ठरलं, माणगावच्या अलीकडं. माझ्या बायकोनं चावी आणून माझ्या हातावर ठेवली. मी म्हटलं दुसऱ्याची गाडी सांगतो. सुमन म्हणाली, भाऊजी, घरची गाडी असताना?

मला जी भीती वाटली ती कुणाला कळली नसेल. घाटात जीव जाण्याची भीती नव्हती. तुझ्यामागं पहिल्याच खेपेला माझा पाय तुझी गाडी खाणार, हीच भीती. म्हणून मी काय केलं ते ऐक. चप्पल काढून ठेवली. गियर बदलला की डावा पाय उचलायचा आणि क्लचपासून लांब, पार आत ओढून सीटच्या खाली दाबून धरायचा. सुमनला सांगितलं, तू माझ्या पायावर नजर ठेव, पेडलकडं सरकला की मला चिमटा काढ. बिचारी नवऱ्याच्या सीटवरच्या माणसाचा पाय बघत बसली. म्हसळा सोडलं, चढ लागला. मी तोंडातून ब्र काढला नाही. मी गप्प होतो, हे ऐकून तिकडं वर तुझ्याभोवतीचे लोक हसतील, पण सुमन साक्षीला आहे.

आणि दोन वळणं चढलो, तोच इंजिननं तेच गाणं सुरू केलं.

तोच आवाज वर, तीच गाडी जागच्या जागी. तोच करवंटीचा वास. मी खाली पाहिलं. माझा डावा पाय सीटखाली, गरीब वासरासारखा. मी सुमनला म्हटलं, बघ, पाय कुठाय बघ. ती म्हणाली, हितंच हाय, भाऊजी, हललाच न्हाय. मग मी बाजूला घेतली, हँडब्रेक ओढला, आणि तुझ्याच तिसऱ्या गियरमध्ये टाकून क्लच सोडला. मरायला पाहिजे होतं ते इंजिन मरेना. ज्यानं मरायला नको होतं तो मात्र नदीवर राख होऊन बसला होता.

मग मी चौथ्यात टाकून पाहिलं. तेही तेच. म्हणजे तेवढ्या बाबतीत आपण दोघंही बरोबर होतो, हे घे.

मी तुझ्या परीक्षेला चुकीचं म्हणत नाही. क्लच घसरतोय हे तू बरोबर ओळखलं होतंस. पण का घसरतोय, हा पुढचा प्रश्न असतो, आणि पाय पेडलवर नसतानाही घसरतो तेव्हा तो प्रश्न छातीवर येऊन बसतो.

गाडी वळवून उतारानं म्हसळ्याला आणली, उस्मानभाईकडं. उस्मानभाई तुला माहीत आहे, बढाईत माझा एकच तोलामोलाचा माणूस. त्याला गाडी नाक्यावर असतानाच आजार ऐकू येतो म्हणे, आणि एकदा त्यानं फोनवरून गियरबॉक्स बांधला होता. त्यानं गियरबॉक्स उतरवला. सुमन बाकड्यावर चहा धरून बसली होती, पीत नव्हती. उस्मानभाईनं प्लेट काढून माझ्यापुढं धरली. मी वाट बघत होतो की ती झिजून पापडासारखी झालेली असेल. ती भाकरीएवढी जाड होती. नुसती काळीभोर, तुकतुकीत, तेलानं माखलेली.

त्यानं बोटानं तेल पुसून दाखवलं. इंजिनच्या मागच्या बाजूची तेल अडवणारी सील गळते, तेल प्लेटवर येतं, आणि तेल लागलेली प्लेट कशाला धरणार? पायानं खाल्लेली प्लेट वेगळी दिसते, ती झिजते, निळी पडते. ही झिजलेलीच नाही. हे तो मला अशा थाटात सांगत होता की सील त्यानंच शोधून काढली. आणि मग, त्याच थाटात, काही वाटून न घेता म्हणाला,

"मागल्या टायमाला पन हेच होतं की. गनपतीत. यशवंतला ह्या हातानं प्लेट दावली होती. बोललो, पायाचा काय लफडा नाय, सील गेली. तवा बदलली, आता परत गेली. तो बोलला, बबनला काय सांगू नको."

मी सुमनकडं पाहिलं. तिनं चहा खाली ठेवला. तेव्हाच मला कळलं की तिलाही माहीत होतं.

यशवंता, मला एक सांग. मला राग तुझा येऊ द्यायचा की दुःख होऊ द्यायचं? दोन्ही एकदम येत नाहीत. मी गॅरेजात उभा राहून काय काय बोललो ते तुला ऐकू आलं असेलच, म्हसळ्याच्या बाजारात सगळ्यांना आलं. गाडी हडपायची होती तर सांगायचं होतंस, मी तुला स्टिअरिंग उपटून दिलं असतं. मोठेपण हवं होतं? ते तर तुझ्याकडं होतंच. माझ्या पोराच्या शेजारची सीट घेतलीस. घाटात पहिल्या क्षणी चुकलास असं मानतो, अंदाज होता, चुकला. पण उस्माननं प्लेट दाखवल्यावर? त्यानंतर रोज माझ्या शेजारी बसून, रोज, हाफक्लच म्हणून हाक मारणाऱ्यांबरोबर हसत होतास.

सुमननं मला बोलून संपू दिलं. मग ती म्हणाली,

"भाऊजी, तुमी रावस दाखवीत व्हतात. मोठ्या वळनावर. दोनी हातांनी."

मी म्हटलं, काय?

"रावस केवढा ते. दोनी हात सोडून. गाडीत पोरं व्हती." तिनं पदरानं डोळे पुसले आणि आवाज जरा चढवला, बहिणीसारखाच. "ते घरी येऊन म्हनले, बबनला गाडीत गप बस म्हनून कोन सांगनार? स्टेरिंग गेलं तर ऱ्हाईल तो. त्वांड बंद केलं तर मरंल."

उस्मानभाई उगाच पाना शोधायला लागला.

आता माझं ऐक. पहिली गोष्ट, दोन हात नव्हते. एक सोडला असेल, आणि दुसरा शेपटीपुरता. दुसरी गोष्ट, गाडी त्या वेळी सरळ होती, वळण जरा पुढं होतं. तिसरी गोष्ट, गुडघ्यानं स्टिअरिंग धरता येतं, ते मी त्या काळात अनेकदा धरलेलं आहे. यावर तू आणि मी दिवसभर भांडलो असतो, आणि भांडायलाच हवं होतं, कारण भांडणात मला माझी बाजू मांडता आली असती. 'स्टेरिंग धर, बबन.' तीन शब्द. तुझ्या त्या वाक्यापेक्षाही कमी. मी चिडलो असतो, आठवडाभर तोंड फिरवून बसलो असतो, खरं. पण ते माझ्या हातांबद्दल असतं आणि खरं असतं. तू माझे हात झाकलेस आणि पायाला फाशी दिलीस. मी कशावाचून राहीन आणि कशावाचून राहणार नाही, याचा हिशोब तू माझ्या पाठीमागं मांडून टाकलास. तुझा हिशोब चुकला असं मी म्हणत नाही. तो हिशोब माझा होता.

आणि खरं सांगू, सगळ्यांत जास्त लागलं ते हे: मला तुझी थाप ओळखता आली नाही. मी! जो माणूस लग्नाच्या पंगतीत मीठ कमी आहे की जास्त यावरही तीन थापा पकडतो. तुझ्या शेजारी बसून, तुझ्या खांद्याला खांदा लावून, मी माझ्या पायाला शिव्या घालत राहिलो, आणि तू समोर रस्त्याकडं बघत गाडी चालवत राहिलास. किती हलक्या पायानं.

घरी आलो. बायकोला विचारलं, तुला ठाऊक होतं? ती भाकरी थापत होती. थापतच राहिली. म्हणजे तिलाही.

महेशला फोन केला. म्हटलं, तुझ्या मावसानं मला फसवलं. सगळं सांगितलं, प्लेट, सील, उस्मान. पोरगं म्हणालं, बाबा, मावसानं शिकवताना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, दोन्ही हात स्टिअरिंगवर, बोलायचं असलं तर आधी गाडी बाजूला घे. मला वाटायचं हे सगळ्यांनाच सांगतात.

सील बदलली, प्लेट बदलली. गाडी आता चढ बघून पळते. सुमन माहेराहून परतली आणि म्हणाली, गाडी विकायची न्हाय, तुमी चालवा, भागी तीच. म्हणून काल मी स्टेशनवर गाडी लावली. मुंबईच्या गाडीतून सात माणसं उतरली, पुढं माझ्या शेजारी आपली सोनकाकी बसली. घाट लागला. मागून कुणीतरी म्हणालं, यशवंतकाका गेले म्हणे, फार सरळ माणूस. आणि दुसरा म्हणाला, हाफक्लच, त्यांची एखादी गोष्ट सांगा ना.

मोठ्या वळणाच्या आधी मी गाडी डाव्या बाजूला घेतली. हँडब्रेक ओढला. इंजिन बंद केलं. मागं वळलो, आणि दोन्ही हात मोकळे करून पहिल्यापासून सांगितलं. गणपती, करवंटीचा वास, तुझं ते वाक्य, जाड प्लेट, तेल, उस्मान. सुमन काय म्हणाली तेही सांगितलं, रावसासकट, हातभर असलेल्या रावसासकट. एक बोटसुद्धा वाढवलं नाही. माझ्या जन्मात मी इतकी कोरडी गोष्ट कुणाला सांगितली नव्हती, सांगताना माझाच घसा बसला.

आधी कुणी हसलं नाही. मग मागचा एक हसला. मग सगळेच. यशवंतकाका आणि खोटं? एकानं म्हटलं, काका, ही तुमची आजवरची बेस्ट आहे. मी म्हटलं, उस्मानला विचारा. ते म्हणाले, उस्मानला! आणि पुन्हा हसले. सोनकाकी मात्र हसली नाही. तिनं माझ्या दंडावर हात ठेवला, अगदी मायेनं, आणि म्हणाली,

"बबन, मेल्या मानसावर तरी थाप मारू नये रं बाबा."

मी गाडी चालू केली. म्हसळ्यापर्यंत कुणाशी बोललो नाही. लोकांची समजूत झाली, गडी दुःखात आहे.

तेव्हा आता अशी गत आहे, यशवंता. ज्यांना हे ठाऊक आहे ती सगळी घरची माणसं, आणि ती तुझ्या बाजूची. ज्यांना ठाऊक नाही त्यांना माझ्या तोंडून पटायचं नाही. सुमनला चारचौघांत तुझ्याविरुद्ध साक्षीला उभं करण्याइतका मी हलकट नाही. उरलास तू एकटा, ज्याला हे खरं असल्याचं माझ्याही आधीपासून माहीत होतं. म्हणून तुलाच सांगतोय, तिखटमीठ न लावता, एकदाच.

पाय माझा नव्हता.